स्वल्पविरामाचा चावा

३ मार्च

चि. धाकटीस,

तू माझ्याशी बोलत नाहीस, हे सात वर्षांत माझ्या चांगलंच लक्षात आलंय. पण लिहायला हरकत नाही असं तूच ठरवलं होतंस, म्हणून लिहितो. पत्र तुमच्या लसीच्या गाडीवाल्याकडे देतोय. टपालाला आठवडा लागतो, हा बाबा एक दिवसाआड येतो.

आमच्या छापखान्यात तुझ्याच खात्याचं एक पत्रक छापायला आलंय. पिसाळलेला कुत्रा चावला तर काय करावं, याचं. एका पानात तेरा चुका! अगं, तेरा! 'रेबीज' हा शब्द चार ठिकाणी दीर्घ, पाच ठिकाणी ऱ्हस्व आणि एका ठिकाणी चक्क 'रेबजी'. रोग एक आणि नावं तीन. आणि हे वाक्य बघ: 'चावा घेतल्यास ताबडतोब दवाखान्यात जावे.' कुणी चावा घेतल्यास? कर्ता कुठाय? उद्या वाचणारानंच कुणाचा चावा घेतला तर दवाखान्यात त्यानं जायचं का? मी पत्रक अडवून ठेवलंय. मालक म्हणाले, "सोडा हो, पाच हजार प्रती वाटायच्यात, लोक वाट बघतायत." मी म्हटलं, एकतीस वर्षांत या मुद्रितशोधकाच्या हाताखालून एक चूक बाहेर गेलेली नाही. खात्याला सविस्तर पत्र लिहिलंय, उत्तर येईपर्यंत छपाई बंद.

मेव्हण्यांची पाठ कशी आहे? त्यांना सांग, मी विचारलं म्हणून.

तुझा,
दादा

ता. क. काल संध्याकाळी हेच पत्रक वाचत घरी येत होतो, तर एका कुत्र्यानं पोटरीला धरलं. विशेष काही नाही. चार दात उमटलेत, थोडं रक्त आलं. मी पडलो, चष्मा उडाला. तो शोधून डोळ्यांवर ठेवेपर्यंत कुत्रा कोपऱ्यावर पोचला होता. रंग तपकिरी, आणि शेपूट स्वल्पविरामासारखं खाली वळलेलं, तेवढंच दिसलं. मी त्याच्या अध्यात ना मध्यात. बाइंडरनं पुस्तकाला लावायची खळ जखमेवर लावून वर कागदाची पट्टी चिकटवून दिली. माणूस मोठा कामसू आहे.

---

४ मार्च

दादास,

तेरा चुकांना दीड पान आणि कुत्र्याला ता. क.! तुझं डोकं ठिकाणावर आहे का रे?

मी लसीच्या कोठारावर बारा वर्षं बसते आहे, फक्त बर्फ मोजत नाही. आता मी लिहिते ते नीट वाच, शुद्धलेखन नंतर बघ. ती खळ आणि कागद आधी काढ. जखम नळाखाली धर आणि साबणानं पंधरा मिनिटं धू. घड्याळ लावून पंधरा. मग ताबडतोप दवाखान्यात जा आणि लस सुरू कर. चावा खोल आहे, म्हणजे जखमेभोवती एक वेगळं औषधही टोचावं लागेल. पोटात चौदा सुया घ्यायचे दिवस गेले. आता दंडावर देतात. आज, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. संपलं.

हा रोग कुत्र्याच्या लाळेतून येतो. दात रुतले की विषाणू आत शिरतो आणि नसेनसेतून हळूहळू मेंदूकडे चालत जातो. तुझ्या पोटरीपासून डोक्यापर्यंत मोठा रस्ता आहे, तेवढाच काय तो आपल्याला वेळ. कधी काही आठवडे, कधी काही महिने. एकदा का लक्षणं दिसली, की मग कुणी वाचत नाही, असंच धरून चाल. म्हणून आधीच लस.

शिवाय त्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेव. चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग असेल तर तो तेवढ्या दिवसांत मरतो. पण दादा, 'शिवाय' लिहिलंय मी. लस घ्यायची, शिवाय लक्ष ठेवायचं.

तुमच्या मालकांना फोन लावला होता. ते म्हणाले, "ताई, मी त्यांना काही सांगायला गेलो की ते माझं वाक्य दुरुस्त करतात."

धाकटी

---

७ मार्च

चि. धाकटीस,

तुझं पत्र बर्फाच्या पेटीतून आलं. हाताला गार लागलं, मजकूर मात्र तापलेला. तांबड्या शाईनं दुरुस्त करून सोबत परत पाठवतोय. नऊ चुका आहेत. 'ताबडतोप' नव्हे, 'ताबडतोब'. लसीच्या कोठारावर बसणाऱ्या बाईला हा शब्द तरी यायला हवा.

जखम धुतली. साडेचौदा मिनिटं झाल्यावर साबण संपला.

दवाखान्यात गेलो नाही. का, ते सांगतो. पत्रकात 'चावा घेतल्यास' असं आहे. मी चावा घेतलेला नाही, कुत्र्यानं घेतलाय. मजकूर आहे तसा वाचला तर दवाखान्यात कुत्र्यानं जायला हवं. शिवाय ज्या रोगाची वेलांटी अजून ठरली नाही, त्याची लस मी घेऊ? सुईला मी भितो असं कुणी समजू नये. तत्त्वाचा प्रश्न आहे.

पण तुझी दुसरी सूचना मला फारच पटली. कुत्र्यावर लक्ष ठेवायचं! परवाच बाइंडरला कामाला लावलं. तास-दीड तासात त्यानं छापखान्यामागून कुत्रा धरून आणला. तपकिरी. मला बघून गुरगुरला, म्हणजे ओळखलंन. गुन्हेगारच तो, माणूस ओळखतो. आता माझ्याच खोलीत असतो. शेपूट असं ताठ उभं आणि बरोबर त्याच्या बुडाशी एक काळा ठिपका. हुबेहूब उद्गारचिन्ह! म्हणून नाव 'उद्गार' ठेवलं. दूध-पाव खातो. रात्री माझी गादी त्याला, मी चटईवर. त्याला काही झालं तर मला झालं, इतका साधा हिशेब आहे, त्यामुळे त्याची नीट बडदास्त ठेवतोय.

त्याला फोनची घंटा सहन होत नाही, ओरडून घर डोक्यावर घेतो. म्हणून वायर काढून ठेवली. तसाही तुझा फोन येत नाहीच.

दादा

---

८ मार्च

दादास,

कुत्र्याला दूध पाजलं म्हणून तुझ्या नसा धुतल्या जात नाहीत रे बाबा! आधी कुत्रा आजारी असतो, मग माणूस मरतो. कुत्र्याची सेवा करून माणूस वाचत नाही. एवढा शिकलेला तू, शेंडी तुटो की पारंबी तुटो, एकदा धरलं ते धरलंच.

आणि तत्त्वाचा प्रश्न? मला सांगतोस? शाळेत टोचणारी बाई आली होती तेव्हा तू कुठे होतास? वर्गातल्या नकाशांच्या कपाटात. आणि "तुमच्यातलं अजून एक राहिलंय" असं बाई म्हणाली, तेव्हा तुला कुणी ओढून काढू नये म्हणून मी दुसरा दंड पुढे केला. तुझ्या नावाची सुई मी घेतली. दोन्ही हात चार दिवस उचलत नव्हते. सात वर्षांची होते मी.

या वेळी तुझ्या नावाची सुई मला घेता येत नाही. येत असती तर अठ्ठावीस दिवस थांबले नसते, एका दमात पाचही घेतल्या असत्या. माझ्या कपाटात दोन हजार माणसांची लस गार ठेवलीय आणि सख्ख्या भावाच्या दंडात थेंब नाही. मला भीती वाटतेय दादा. राग आहेच, पण भीती जास्त.

मी स्वतः आले असते. पण इथे दिवसातून चारदा वीज जाते. मी हलले आणि बर्फ वेळेवर बदलला नाही तर सगळं वाया.

माझा तुझ्यावरचा राग फक्त तारखेचा नाही, हे तुलाही ठाऊक आहे. लग्नपत्रिकेत 'आशीर्वाद'ची वेलांटी तीनदा तपासलीस आणि तारीख चुकवलीस. अर्धे पाहुणे दुसऱ्या दिवशी, खुर्च्या आवरताना उगवले. आणि वर म्हणालास, "हस्तलिखितात तसंच होतं." एकदा 'माझी चूक झाली' म्हणाला असतास तर सात वर्षं वाया गेली नसती. तेही राहू दे. नको म्हणूस. नुसती लस घे.

धाकटी

---

११ मार्च

चि. धाकटीस,

आनंदाची बातमी! आमच्या घरात लस घेतली गेली.

तुझ्या पत्राचा मान ठेवून काल मी दवाखान्याच्या रस्त्याला लागलो. उद्गार बरोबर होता. वाटेत गुरांचा दवाखाना आधी लागतो. तिथल्या डॉक्टरांनी उद्गारला तपासलं, कान बघितले, दात बघितले, म्हणाले, "ठणठणीत आहे, पण लस टोचून घ्या." मी म्हटलं, घ्या. उद्गारनं हूं की चूं केलं नाही. मी मात्र जरा बाकावर बसलो, पाणी प्यायलो. मग दोघं घरी आलो. दोघांपैकी एकानं घेतली, पुरे झालं. नाहीतरी या घरात माझ्या नावाची सुई दुसऱ्यानं घ्यायची वहिवाटच आहे.

रोजनिशी ठेवली आहे, त्यातलं थोडं उतरवतो. पाचवा दिवस: भूक उत्तम, माझी एक चप्पल खाल्ली. सातवा दिवस: दुसरी खाल्ली. आठवा: पाणी बघून घाबरला नाही, उलट बादलीत बसला. आजचा नववा: शेपूट सकाळपासून ताठ, मला फार धीर आला. उद्या दहावा. छापखान्यातल्या सगळ्यांना चहाला बोलावलंय. बाइंडरनं उद्गारसाठी पुठ्ठ्याचा बिल्ला केलाय, त्यावर 'निर्दोष' असं छापून घेतलं. दोष नसलेला, या अर्थी. किती दिवसांनी हा शब्द एखाद्याला शोभला!

मालक पत्रकाबद्दल पुन्हा बोलले. म्हणाले, बाजारात कुत्रा आणखी एकाला चावल्याचं कानावर आलंय. मी म्हटलं, शक्य नाही, तो माझ्या घरात गादीवर झोपलेला आहे.

तू भितेस हे वाचून बरं वाटलं नाही. आता भिऊ नकोस.

दादा

---

१२ मार्च

दादा,

हे पत्र उभ्यानं लिहितेय. सोबत तुझी दोन पत्रं परत पाठवतेय. तांबडी शाई माझ्याकडेही आहे.

काल रात्री तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू आलं, मग तुझी सगळी पत्रं बर्फाच्या पेटीच्या झाकणावर एकाखाली एक मांडली. तुझंच शिकवणं, मूळ प्रत आणि मुद्रित शेजारी शेजारी ठेवून वाचावं. तर वाच.

३ मार्च: 'शेपूट स्वल्पविरामासारखं खाली वळलेलं.'

७ मार्च: 'शेपूट असं ताठ उभं. हुबेहूब उद्गारचिन्ह.'

कुत्र्याचं शेपूट बारा वर्षं नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तुझ्याकडे चार दिवसांत सरळ कसं झालं?

दादा, हा तो कुत्रा नाही. तुला चावला तो स्वल्पविराम. तू आठवडाभर गादीवर झोपवलास तो उद्गार. बाजारात चावला तो कुणीतरी तिसरा नसणार. तू इतरांना सांगतोस ना, 'छापलंय ते वाचा, हवं आहे ते वाचू नका'? तुला हवं होतं ते तू वाचलंस, कारण हवं होतं की सुई नको.

सात वर्षांची शपथ गुंडाळून सकाळपासून अकरा वेळा फोन लावला. वायर काढलेली आहे हे माहीत असून लावला.

गाडीवाल्याला सांगितलंय, तू गाडीत बसेपर्यंत हलायचं नाही. दहा दिवस झाले तरी लस घेता येते. लक्षणं नाहीत तोवर उशीर झाला असं कुणी म्हणू शकत नाही. पण आता एक दिवससुद्धा नाही. पाया पडते.

धाकटी

---

१४ मार्च

दादा,

गाडी काल आली नाही. आजही नाही. मालकांच्या फोनवर कुणी येत नाही.

पाणी पिताना घशात काही होतंय का? वाऱ्याची झुळूक अंगाला सोसत नाही असं काही? नसेल तर एक ओळ लिही. नाही म्हण. ऱ्हस्व लिही, दीर्घ लिही, कसंही लिही.

धाकटी

---

१७ मार्च

धाकटे,

नाही. घशात काही होत नाही. पाणी पितोय, चहा पितोय, तुझं पत्र वाचताना दोन तांबे प्यायलो, खात्री करायला.

आम्हाला दवाखान्यात सोडून परतताना गाडीचा पट्टा तुटला, म्हणून तुला उत्तर मिळालं नाही. मी तेरा तारखेलाच गेलो. आता सगळं सांगतो.

तुझं पत्र आलं तेव्हा छापखान्यात आदल्या दिवसाचे चहाचे कप अजून पडले होते आणि उद्गार बिल्ला घालून टेबलाखाली बसला होता. मी तुझ्या तांबड्या खुणा बघितल्या. दोनदा वाचल्या. मग उद्गारचं शेपूट हातात धरून खाली दाबून बघितलं. सोडलं की पुन्हा ताठ. धाकटे, मी जमिनीवर बसलो. बाइंडर म्हणाला, "दादा, तुम्ही तपकिरी म्हणालात, मी तपकिरी आणला. शेपटाचं काही सांगितलं नव्हतंत." हस्तलिखितात नव्हतं, असं तो मला सांगत होता. मला सांगत होता!

बाहेर येऊन झाडूवाल्याला विचारलं. तो म्हणाला, खाली वळलेल्या शेपटाचा तपकिरी कुत्रा सहा तारखेला कागदाच्या गोदामामागे मेलेला सापडला. त्याआधी दोन दिवस भेलकांडत होता, तोंडाला फेस, खांबाला चावत होता. आणि खांबाआधी हातगाडीवाल्याला.

हातगाडीवाला म्हणजे आमच्याकडे कागदाचे गठ्ठे आणतो तो. त्याला गाठलं. हाताला चिंधी बांधून गठ्ठेच ओढत होता. मी म्हटलं, "अरे, दवाखान्यात गेलास का?" तो म्हणाला, "कशाला? कुत्र्याच्या चाव्यावर लस असते हे मला कोण सांगणार?"

कोण सांगणार? पाच हजार पत्रकं सांगणार होती. त्यांचं मुद्रित माझ्या टेबलावर पडून होतं, वजनाखाली, वेलांटीसाठी.

त्याचा हात धरला, गाडीत घातलं आणि दोघं गेलो. आधी त्याला पुढे केलं, माझ्या मनात कपाट होतंच. पण तो म्हणाला, "दादा, तुम्ही आधी घ्या, मला भीती वाटते." मग काय करतो! पोटरीत जखमेभोवती टोचलं, ते मात्र ब्रह्मांड आठवणारं होतं. दंडावरचं काही नाही गं. मुंगी चावल्यासारखं. याच्यासाठी मी चाळीस वर्षं कपाटात बसलो होतो? काल आम्ही दोघांनी दुसरी घेतली. वीस तारखेला तिसरी.

तिथून थेट छापखान्यात गेलो आणि पत्रक छापायला सोडलं. तेराच्या तेरा चुकांसकट. 'रेबजी'सकट. संध्याकाळपर्यंत बाजारात वाटून झालं. एकालाही अर्थ कळला नाही असं झालं नाही. 'चावा घेतल्यास' वाचून एकही माणूस कुत्र्याला घेऊन दवाखान्यात गेला नाही. तसा मी एकटाच.

भीती अजून आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात असंच समजा आणि सुया चुकवू नका. चुकवणार नाही. तू दोन दंड पुढे केले होतेस, मला एकच पुरतोय.

दादा

---

१० एप्रिल

धाकटे,

आज पाचवी सुई झाली. हातगाडीवाल्याचीही. त्यानं माझा हात धरला होता की मी त्याचा, हे नीट लक्षात नाही. दोघंही ठणठणीत. उद्गारनं डॉक्टरांची चप्पल खाल्ली.

पुस्तक छापून झाल्यावर चुका सापडल्या तर आमच्याकडे शेवटी एक पान जोडतात. एकतीस वर्षांत माझ्यावर ती वेळ आली नव्हती. जोडतोय.

शुद्धिपत्र

३ मार्चचे पत्र. 'विशेष काही नाही' याऐवजी 'मी फार घाबरलो होतो' असे वाचावे.

७ मार्चचे पत्र. 'तत्त्वाचा प्रश्न' याऐवजी 'सुई' असे वाचावे. 'तसाही तुझा फोन येत नाहीच' याऐवजी 'रोज वाट बघतो' असे वाचावे.

११ मार्चचे पत्र. 'निर्दोष' हा शब्द फक्त कुत्र्यापुरता बरोबर आहे.

शाळेचे दप्तर. लस टोचलेल्यांच्या यादीत माझे नाव आहे, तिथे धाकटीचे नाव पुन्हा एकदा वाचावे.

लग्नपत्रिका, सात वर्षांपूर्वीची. तारीख चुकीची छापली गेली. हस्तलिखितात ती बरोबर होती. चूक मुद्रितशोधकाची. त्यामुळे अर्धे पाहुणे दुसऱ्या दिवशी आले. नवा सदरा घालून, हातात फुलं घेऊन सगळ्यांत शेवटी जो आला, तो मुद्रितशोधक स्वतः होता. एकुलत्या एका बहिणीचं लग्न त्यानं पाहिलं नाही.

माझी चूक झाली.

दादा

---

१२ एप्रिल

दादा,

शुद्धिपत्र वाचलं. त्यात एक चूक राहिलीय, पण ती लिहून सांगणार नाही.

फोनची वायर जोड. संध्याकाळी सहाला करते. उद्गार ओरडला तर ओरडू दे.

धाकटी